पायाची अरुंद धमनी उघडल्यावर चालताना नेमके काय बदलते?

वजन उतरवणारे औषध म्हणून गाजलेल्या सेमाग्लुटाइडचा पायांच्या अरुंद धमन्यांच्या रुग्णांनाही फायदा होतो, अशी बातमी २०२५च्या मार्च महिन्यात आली. टाइप-२ मधुमेह आणि पायांच्या धमन्यांचा विकार असे दोन्ही असलेल्या ७९२ जणांवर झालेल्या ‘स्ट्राइड’ या चाचणीचा तो निष्कर्ष होता. आठवड्यातून एकदा इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णांचे ट्रेडमिलवर चालण्याचे कमाल अंतर ५२ आठवड्यांनंतर, औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे १३ टक्क्यांनी अधिक सुधारले. बातमी वाचून ‘म्हणजे पायाचे ब्लॉकेज आता इंजेक्शनने निघते का?’ असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. मात्र या चाचणीचे मुख्य माप धमनीची रुंदी हे नव्हतेच. रुग्ण किती लांब चालू शकतो, हे तिने मोजले होते.

धमनी किती उघडी आहे आणि माणूस किती चालू शकतो, या दोन गोष्टी एकच आहेत असे आपण गृहीत धरतो. त्या एकमेकींशी निगडित आहेत, पण एकच नाहीत. कलर डॉपलरच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये ‘७० टक्के ब्लॉकेज’ असलेला एक माणूस रोज सकाळी फिरून येतो, तर तेवढाच आकडा असलेला दुसरा भाजी आणायला निघाला की वाटेत दोनदा थांबतो. अँजिओप्लास्टीनंतर एकाची चाल महिनाभरात सुधारते, तर दुसऱ्याची धमनी उत्तम उघडूनही तक्रार शिल्लक राहते. हे कोडे उलगडायचे असेल, तर रक्तप्रवाहाकडे बसलेल्या अवस्थेत पाहून चालत नाही. चालत्या पायात काय घडते, ते पाहावे लागते.

पायापर्यंत रक्त पोहोचते कसे?

हृदयातून निघालेली महाधमनी पोटातून खाली येते आणि साधारण बेंबीच्या पातळीवर तिचे दोन फाटे होतात. प्रत्येक फाटा जांघेतून मांडीत उतरतो, गुडघ्याच्या मागून पोटरीत जातो आणि तिथे त्याच्या तीन शाखा होऊन त्या पावलापर्यंत पोहोचतात. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे बोट ठेवले की जी नाडी लागते, ती याच शाखांची. पुढे या शाखा वाटत वाटत इतक्या बारीक होतात की त्यांच्या भिंतीतले स्नायू सैल किंवा घट्ट होऊन कोणत्या भागाला किती रक्त मिळेल हे ठरवू शकतात. या बारीक धमन्यांना आपण इथे सूक्ष्म वाहिन्या म्हणू, कारण सगळ्या गोष्टीची किल्ली त्यांच्याकडे आहे.

निवांत बसलेल्या माणसाच्या १०० ग्रॅम स्नायूला मिनिटाला जेमतेम तीन-चार मिलिलिटर रक्त पुरते. तोच स्नायू जोरात काम करू लागला की ही गरज कित्येक पटींनी वाढते. विश्रांतीच्या वेळी हृदयाने फेकलेल्या रक्तापैकी १५ ते २० टक्के रक्त शरीरातल्या सगळ्या स्नायूंना मिळून जाते, तर अतिशय जोराच्या व्यायामात हा वाटा ८० टक्क्यांपर्यंत किंवा त्याच्याही वर जातो. इतकी मोठी वाढ शक्य होते, कारण काम करणाऱ्या स्नायूतल्या सूक्ष्म वाहिन्या आपला रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, झपाट्याने कमी करतात.

पायांच्या धमन्यांत चरबी, कॅल्शियम आणि तंतुमय ऊतीचा थर साचून त्या अरुंद होतात, त्या अवस्थेला परिघीय धमनीविकार म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात ते ‘पीएडी’ असते. जगभरात २० कोटींहून अधिक लोकांना हा विकार असल्याचा अंदाज आहे. धूम्रपान आणि मधुमेह ही त्याची दोन सर्वांत मोठी कारणे, आणि त्यांच्या जोडीला उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाचा जुना आजार आणि वय. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या तुलनेने तरुण पुरुषांत पायांच्या धमन्या बंद होण्याचा ‘बर्जर’ नावाचा आजार भारतात आढळतो. त्याचे स्वरूप वेगळे असून तंबाखू पूर्ण सोडणे हाच त्याच्यावरचा मुख्य उपाय आहे. हा लेख त्या आजाराविषयी नाही.

‘बसल्यावर काहीच दुखत नाही, मग आजार कसला?’

आपल्याकडच्या जुन्या सोसायट्यांमध्ये गच्चीवर पाण्याची टाकी असते आणि तिच्यातून खाली उतरणाऱ्या मुख्य नळाला एक व्हॉल्व्ह असतो. हा व्हॉल्व्ह गंजून अर्धवट बंद झाला, तर दुपारी कोणालाच पत्ता लागत नाही. त्या वेळी एखाद-दुसरा नळ चालू असतो आणि अर्ध्या व्हॉल्व्हमधूनही त्याला पुरेल इतके पाणी येते. सकाळी सात वाजता सगळ्या घरांत एकदम नळ उघडले की मात्र धार बारीक होते. आता नळ आणखी उघडून उपयोग नसतो; तो पूर्ण उघडाच असतो, अडलेले असते वर.

पायात हेच घडते, आणि आकडे घालून पाहिले तर ते अधिक स्पष्ट होते. सोयीसाठी हृदयाकडून येणारा दाब १०० मानू, आणि निरोगी पायातल्या सूक्ष्म वाहिन्यांचा विश्रांतीतला रोधही १०० मानू. दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो, म्हणजे तो १ येतो. चालू लागल्यावर सूक्ष्म वाहिन्या रुंदावून रोध १० वर आणतात आणि प्रवाह दहापट होतो. आता मांडीतल्या धमनीत २० रोधाचा अडथळा आला असे धरू. विश्रांतीत सूक्ष्म वाहिन्या आपला रोध १०० ऐवजी ८० करतात. ८० आणि २० मिळून पुन्हा १००, त्यामुळे प्रवाह जसाच्या तसा १ राहतो. फरक पडतो तो अडथळ्यापलीकडच्या दाबात: तो १०० ऐवजी ८० उरतो. स्नायूला मात्र याची जाणीव होत नाही.

हाच पाय चालू लागला की सूक्ष्म वाहिन्या पूर्ण उघडून १० वर येतात, परंतु वरचे २० तसेच राहतात. एकूण रोध ३०, म्हणून प्रवाह दहापट होण्याऐवजी सव्वातीन पटींच्या आसपास अडकतो, आणि अडथळ्यापलीकडचा दाब ३३ पर्यंत घसरतो. हे कागदावरचे गणित आहे. प्रत्यक्षात अरुंद जागेतून वेगाने जाणारे रक्त घुसळले जाते, त्यात ऊर्जा वाया जाते आणि प्रवाह वाढेल तसा अडथळा अधिकच जाचक होतो. शिवाय पोटरीचा स्नायू प्रत्येक पावलाला आकुंचन पावताना आतल्या वाहिन्या दाबून धरतो. निरोगी पायात दोन आकुंचनांच्या मधल्या क्षणात रक्त जोराने आत शिरते आणि हिशेब भरून निघतो. पलीकडचा दाब आधीच घसरलेला असेल, तर त्या मधल्या क्षणात पुरेसे रक्त आत येत नाही.

प्राणवायू कमी पडलेला स्नायू लवकर थकतो, त्यात आम्लता वाढते आणि ‘पोटरी भरून आली’, ‘गोळा आला’, ‘पाय जड झाले’ अशी तक्रार सुरू होते. थांबले की मागणी उतरते आणि काही मिनिटांत बरे वाटते. हे थांबणे उभे राहूनही चालते, ही महत्त्वाची खूण आहे. कण्यातल्या नसा दबल्यामुळे चालताना पाय दुखत असतील, तर नुसते उभे राहून सहसा आराम पडत नाही. बसावे किंवा पुढे वाकावे लागते. अडथळा मांडीच्या धमनीत असेल तर बहुधा पोटरी दुखते, आणि पोटाच्या खालच्या भागात असेल तर मांडी व कुल्लाही दुखतो. कित्येकांना मात्र असे ठरावीक दुखणे होतच नाही. ते नकळत चालण्याचा वेग आणि अंतर कमी करत जातात आणि ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात.

टक्क्यांचा आकडा इतका फसवा का?

नळीतला प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, हा नियम १९व्या शतकात झाँ पॉइझय या फ्रेंच वैद्य-शास्त्रज्ञाने प्रयोगांतून मांडला. त्रिज्या निम्मी झाली तर रोध दुप्पट न होता सोळापट होतो. म्हणून रुंदीतला थोडा फरकही मोठा परिणाम घडवतो. त्यात ‘७० टक्के’ हा आकडा व्यासाचा आहे की छेदाच्या क्षेत्रफळाचा, यावरही अर्थ बदलतो, कारण व्यासात ५० टक्के घट म्हणजे क्षेत्रफळात ७५ टक्के घट. अडथळा दोन सेंटिमीटर लांब आहे की वीस, एकच आहे की तीन, आणि त्याला वळसा घालून जाणाऱ्या पर्यायी वाहिन्या किती वाढल्या आहेत, हे त्या एका आकड्यात येत नाही. मांडीची मुख्य धमनी पूर्ण बंद असूनही पर्यायी वाहिन्यांच्या आधाराने बेताने चालणारी माणसे असतात. माझ्या मते, रुग्णाच्या हातात नुसता टक्क्यांचा रिपोर्ट देऊन घाबरवण्यापेक्षा पुढे वर्णन केलेली साधी तपासणी आधी व्हायला हवी.

चालवूनच सापडणारा दोष

रुग्णाला काही मिनिटे आडवे निजवतात. दंडावर रक्तदाबाचा पट्टा असतो तसाच घोट्याच्या वर बांधतात, पावलावर थोडी जेल लावून पेनाएवढा डॉपलर टेकवतात आणि नाडीचा ‘हुश्श-हुश्श’ आवाज लागला की पट्टा फुगवून तो बंद करतात. हवा सोडताना आवाज ज्या आकड्यावर परत येतो, तो घोट्याचा दाब. त्याला दंडाच्या दाबाने भागले की घोटा-दंड निर्देशांक मिळतो, ज्याला ‘एबीआय’ म्हणतात. १.० ते १.४ हे सर्वसाधारण, आणि ०.९० किंवा त्याखाली गेले तर धमनीविकार आहे असे समजतात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाच्या आजारात धमन्यांच्या भिंती कॅल्शियमने इतक्या कडक होतात की पट्ट्याने दबतच नाहीत आणि आकडा खोटाच १.४च्या वर जातो; अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यावा लागतो, कारण तिथल्या वाहिन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत.

वरचे गणित आठवले तर लक्षात येईल की विश्रांतीतला एबीआय काही वेळा जवळजवळ ठीक येऊ शकतो. म्हणून तक्रार ठाम असेल तर रुग्णाला ट्रेडमिलवर चालवतात, ताशी ३.२ किलोमीटर वेग आणि चढ, अशी एक प्रचलित पद्धत आहे. ट्रेडमिल नसेल तर भिंतीला धरून टाचा वर-खाली करायला लावतात. लगेच पुन्हा निजवून दाब घेतात. निरोगी माणसाचा घोट्याचा दाब फारसा पडत नाही आणि पटकन जागेवर येतो. विकार असेल तर तो ३० अंकांहून अधिक घसरतो किंवा एबीआय २० टक्क्यांहून अधिक पडतो, काहींच्या बाबतीत आवाज काही काळ लागतच नाही, आणि मूळ पातळीवर यायला कित्येक मिनिटे लागतात. या काळात थकलेल्या स्नायूच्या सूक्ष्म वाहिन्या उघड्याच राहून तुटवडा भरून काढत असतात.

उपचाराने प्रवाहात काय बदलते?

अडथळा दूर करण्याचे दोन मार्ग आहेत. एकात जांघेतून, कधी हातातून, बारीक तार आणि नळी आत नेऊन फुग्याने धमनी रुंद करतात आणि गरजेनुसार जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. दुसऱ्यात रुग्णाच्याच पायातली शीर किंवा कृत्रिम नळी वापरून अडथळ्याला बाजूने वाट काढून देतात, ती बायपास शस्त्रक्रिया. अँजिओप्लास्टी म्हटले की आपल्याला हृदय आठवते, परंतु तिची सुरुवात पायात झाली. जानेवारी १९६४मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी पाय कापून घ्यायला नकार दिलेल्या ८२ वर्षांच्या बाईंच्या मांडीतली धमनी नळ्यांनी रुंद केली आणि त्यांचा पाय वाचला. झुरिकच्या आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७४मध्ये फुगाही आधी पायातच वापरला. हृदयाच्या धमनीत तो गेला १९७७मध्ये. मांडीतून गुडघ्याकडे शिरेचा बायपास तर त्याही आधी, १९४८मध्ये, पॅरिसला झाँ कुनलँ यांनी केला होता.

आता आपल्या गणितात अडथळ्याचा रोध २० वरून २ वर आला असे धरू. विश्रांतीत सूक्ष्म वाहिन्या ८० वरून ९८ वर जातात आणि प्रवाह पुन्हा १ येतो, उपचारापूर्वी होता तेवढाच. घोट्याचा दाब मात्र ८० वरून ९८ होतो. चालताना १० आणि २ मिळून १२, म्हणजे प्रवाह आठपटींच्या वर आणि पलीकडचा दाब ८३. चालताना दुखणाऱ्या पायात उपचार जे परत देतो, ते हे: विश्रांतीतला प्रवाह जवळपास तसाच राहतो आणि गरजेच्या वेळी वाढवता येणारी राखीव क्षमता परत येते. पाय गरम लागणे, नाडी ठणठणीत लागणे ही चांगली लक्षणे आहेत, तरी खरा निकाल चालल्यावरच कळतो. उपचार यशस्वी असेल तर व्यायामानंतरची दाबाची घसरण कमी होते आणि दाब लवकर जागेवर येतो. अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने त्वचेवरूनच पोटरीतला प्राणवायू मोजण्याचे तंत्र संशोधनात वापरतात. चालताना तो किती खाली जातो आणि थांबल्यावर किती वेळात भरून येतो, हे त्यात दिसते.

याचा एक परिणाम पायापलीकडचा आहे आणि त्याची चर्चा कमी होते. उपाशी स्नायूतल्या चेता मेंदूकडे सतत संदेश पाठवतात आणि प्रतिक्षिप्त क्रियेने रक्तदाब व हृदयाची गती वाढवतात. धमनीविकार असलेल्यांचा रक्तदाब थोड्याशा श्रमानेही निरोगी माणसापेक्षा जास्त चढतो, त्यामागे हेही एक कारण आहे. यातल्या अनेकांचे हृदयही आजारी असते, त्यामुळे पोटरीचा तुटवडा हा हृदयावरचाही भार ठरतो.

‘धमनी उघडली, तरी पूर्वीसारखे चालता का येत नाही?’

सोसायटीचा व्हॉल्व्ह नवा बसवला, तरी घरातल्या नळांच्या जाळ्या क्षाराने भरलेल्या असतील तर धार पूर्वीसारखी येणार नाही. वर्षानुवर्षे अर्धपोटी राहिलेल्या पायात असेच घडलेले असते. सूक्ष्म वाहिन्यांच्या आतल्या अस्तराने नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिनी सैल करायची असते. धूम्रपान आणि मधुमेहाने ते अस्तर बिघडलेले असते. स्नायूच्या पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांचे काम मंदावलेले असते, त्यामुळे आलेला प्राणवायूही पुरता वापरला जात नाही. काही तंतू बारीक होऊन पायाची ताकद घटलेली असते. यातले काहीही फुग्याने सुधारत नाही, निदान लगेच तरी नाही.

याशिवाय साधी कारणेही असतात. मांडीतली धमनी उघडली तरी गुडघ्याखालच्या तीन शाखांपैकी दोन बंद असू शकतात. गुडघ्याची झीज, कण्याचा त्रास, दमा किंवा हृदयाची दुर्बलता आधी पायाच्या दुखण्याआड लपलेली असते आणि पाय सुधारल्यावर पुढे येते. बायपासनंतर काही आठवडे पायाला सूज येते, ती बहुतेकदा अपेक्षितच असते; पण पोटरी कडक होऊन असह्य दुखू लागली तर तातडीने दाखवावे लागते.

‘नुसते चालून बरे वाटते, म्हणजे ब्लॉकेज विरघळते का?’

विरघळत नाही. तरीही चालण्याच्या शिस्तबद्ध व्यायामाचा परिणाम थक्क करणारा आहे. अमेरिकेतल्या ‘क्लेव्हर’ चाचणीत पोटाच्या खालच्या भागातल्या धमन्या अरुंद असलेल्या १११ जणांची तुलना केली गेली. सहा महिन्यांनंतर ट्रेडमिलवर टिकण्याचा वेळ देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांत सरासरी ५.८ मिनिटांनी, स्टेंट बसवलेल्यांत ३.७ मिनिटांनी आणि केवळ औषधे घेणाऱ्यांत १.२ मिनिटांनी वाढला. घोट्याचा दाब मात्र स्टेंटने सुधारला, व्यायामाने नाही. याउलट, ‘तुम्हाला कसे वाटते’ या प्रश्नाला स्टेंटवाल्यांची उत्तरे अधिक समाधानाची होती. दीड वर्षानंतर चालण्याच्या बाबतीत व्यायाम आणि स्टेंट यांत ठळक फरक उरला नाही.

म्हणजे व्यायाम अरुंद जागेला हात लावत नाही. तिच्यापुढचे सगळे सुधारतो. स्नायू मिळालेला प्राणवायू अधिक काटकसरीने वापरतो, सूक्ष्म वाहिन्यांचे अस्तर सुधारते, चालण्याची ढब बदलून तेवढ्याच अंतराला कमी शक्ती लागते. पर्यायी वाहिन्या वाढून प्रवाह सुधारतो असे सर्रास सांगितले जाते, परंतु एबीआय सहसा जागचा हलत नाही हे पाहता मी तरी तेवढ्यावर भिस्त ठेवणार नाही.

मग दोन्ही केले तर? नेदरलँड्सच्या ‘इरेझ’ चाचणीत २१२ रुग्णांपैकी काहींना केवळ व्यायाम आणि काहींना धमनी उघडून व्यायाम दिला गेला. वर्षभराने चालण्याचे कमाल अंतर पहिल्या गटात ९५५ मीटरने आणि दुसऱ्या गटात १,२३७ मीटरने वाढले. रक्ताची वाट मोकळी करणे आणि स्नायूला ते रक्त वापरायला लावणे, ही दोन कामे वेगळी आहेत आणि एकमेकांना पूरक आहेत, असा त्याचा अर्थ लागतो. दुर्दैवाने आपल्याकडे उलटेच दिसते: स्टेंट बसला की रुग्ण आणि घरचे दोघेही सुटकेचा श्वास टाकतात आणि ‘आता जपून, फार चालू नका’ असा सल्ला सुरू होतो. जांघेतली जखम भरेपर्यंतचे दिवस सोडले, तर या सल्ल्याने नुकसानच होते.

‘दुखत असताना चालणे धोक्याचे नाही का?’

ही भीती समजण्यासारखी आहे, कारण छातीत दुखत असताना थांबायचे असते, हे आपल्या मनावर बिंबलेले आहे. पोटरीचे तसे नाही. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लाइट’ चाचणीत ३०५ जणांपैकी काहींना पाय दुखू लागेल अशा वेगाने, काहींना दुखणार नाही अशा सावकाश वेगाने घरी चालायला सांगितले आणि काहींना व्यायाम दिलाच नाही. वर्षाअखेर सहा मिनिटांत चालण्याचे अंतर दुखेपर्यंत चालणाऱ्यांत सुमारे ३४ मीटरने वाढले. सावकाश चालणाऱ्यांना व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा काहीही जास्त मिळाले नाही.

रूढ पद्धत अशी: तीन ते पाच मिनिटांत पोटरी चांगली दुखू लागेल अशा वेगाने चालायचे, दुखणे वाढले की ते पूर्ण ओसरेपर्यंत थांबायचे आणि पुन्हा निघायचे. थांबण्यासह तीस ते पन्नास मिनिटे, आठवड्यातून किमान तीनदा, निदान बारा आठवडे. अमेरिकेच्या मेडिकेअर या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेने २०१७पासून असे देखरेखीखालचे ३६ वर्ग खर्चात धरले आहेत. आपल्याकडे देखरेखीचे वर्ग क्वचित मिळतात, तेव्हा बसायला कट्टे असलेली बाग किंवा सोसायटीचे आवार बरे. मधुमेह्यांनी चालून आल्यावर मोजे काढून तळवे पाहावेत, कारण बधिर पावलाला फोड आलेला कळत नाही. चालताना छातीत दुखले, धाप लागली किंवा पावलाला जखम असली, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

‘रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांनी प्रवाह वाढणार नाही का?’

अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल रक्त पाण्यासारखे पातळ करत नाहीत. त्या प्लेटलेट्सना एकत्र चिकटू देत नाहीत आणि अरुंद जागी गुठळी होण्याचा धोका कमी करतात. चालण्याचे अंतर त्यांनी वाढत नाही. स्टॅटिन कोलेस्टेरॉल उतरवते आणि धमनीतला थर फुटण्याचा धोका घटवते. ही औषधे प्रामुख्याने हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात टाळण्यासाठी असतात, कारण चालताना पाय दुखणाऱ्या रुग्णाच्या जिवाला पायापेक्षा मोठा धोका तिथे असतो. म्हणून ‘पाय बरा झाला’ म्हणून ती बंद करणे चुकीचे. चालण्यासाठी सिलोस्टॅझोल नावाची गोळी देतात. तिने अंतर काहीसे वाढते, मात्र हृदय कमजोर असलेल्यांना ती देत नाहीत. सेमाग्लुटाइडची भर आता त्यात पडली आहे. त्याने धमनी उघडते असे ‘स्ट्राइड’ने दाखवलेले नाही, मधुमेह्यांत चाल सुधारते एवढे दाखवले आहे, आणि सुधारणा झाली तीही बेताचीच. तंबाखू चालू ठेवून यातले कुठलेच औषध नीट लागू पडत नाही.

हे गणित जिथे लागू नाही

आतापर्यंतचे सगळे विवेचन विश्रांतीत पुरेसे रक्त मिळणाऱ्या पायाचे होते. काहींच्या पायात विश्रांतीतलाही प्रवाह अपुरा पडतो. रात्री आडवे झाल्यावर पावलात आग होते, पाय खाटेखाली लोंबकळत सोडला की बरे वाटते, बोटाची जखम आठवडे उलटले तरी भरत नाही किंवा बोट काळे पडू लागते. इथे आधी तीन महिने चालून पाहू, असे म्हणायला वाव नाही. पाय वाचवायचा तर रक्तप्रवाह लवकरात लवकर सुधारावा लागतो. फुगा की बायपास, हे धमन्यांच्या नकाशावर आणि रुग्णाच्या पायात चांगली शीर आहे की नाही यावर ठरते. २०२२च्या ‘बेस्ट-सीएलआय’ या मोठ्या चाचणीत चांगली शीर उपलब्ध असलेल्यांना बायपास अधिक लाभदायक ठरला. अशा पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नये, आणि व्हेरिकोज व्हेन्ससाठी मिळणारे घट्ट मोजे डॉक्टरांनी धमन्या तपासल्याशिवाय घालू नयेत.

पाय अचानक थंड, पांढरा, बधिर होऊन हलेनासा झाला, तर धमनी एकाएकी बंद पडलेली असते. तेव्हा हिशेब तासांचा असतो आणि रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद असलेल्या रुग्णालयात थेट जावे लागते.

उघडलेली धमनी किती काळ टिकते?

जागेवर अवलंबून. पोटाच्या खालच्या भागातल्या रुंद धमन्यांतले स्टेंट बहुतेकदा वर्षानुवर्षे चालतात. मांडीतली धमनी लांब असते, चालताना ती पिळली जाते, वाकते, आणि तिथे पुन्हा अरुंदपणा येण्याचे प्रमाण जास्त असते. औषधाचा लेप दिलेले फुगे आणि नायटिनॉल या लवचीक मिश्रधातूचे स्टेंट त्यासाठीच आले. गुडघ्याखाली टिकाऊपणा सर्वांत कमी, म्हणून केवळ चालताना दुखते एवढ्यासाठी तिथे सहसा हात घालत नाहीत. स्वीडनमधल्या ‘आयरॉनिक’ चाचणीत धमनी उघडण्याचा सुरुवातीला दिसलेला फायदा पाच वर्षांनी उरला नव्हता. ज्याचा व्यवसाय चालण्याचा आहे, व्यायाम आणि औषधे मनापासून करूनही ज्याचे अडते, त्याच्यासाठी काही वर्षांची सुधारणाही मोलाची असते. ज्याला दिवसाकाठी बाजारापर्यंत जाऊन यायचे आहे, त्याने घाई करू नये, असे मला वाटते.

उपचारानंतर पहिल्या वर्षात काही वेळा आणि मग दरवर्षी तपासणी होते. त्या वेळी घोट्याचा दाब शक्य असेल तर चालण्याआधी आणि चालल्यानंतर, असा दोनदा घ्यायला सांगावे. सोबत स्वतःची एक नोंद न्यावी: घरातून निघाल्यावर कोणत्या वळणावर, कोणत्या दुकानापाशी पोटरी पहिल्यांदा भरते आणि कुठे थांबावेच लागते. दुसऱ्या महिन्यात पुढे गेलेली ही जागा सहाव्या महिन्यात पुन्हा अलीकडे येऊ लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. धमनी पूर्ण बंद होण्याआधी पुन्हा उघडणे सोपे असते.